दडे सुटले म्हणजे कान बरा झाला?

विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे दोन तास काढले की कानांना दडे बसतात, आत सूंऽऽ असा आवाज घुमत राहतो. एक-दोन दिवसांत दडे सुटतात आणि आपण निर्धास्त होतो. ही निर्धास्ती किती फसवी असू शकते, हे २००९ साली बोस्टनमधल्या उंदरांवरच्या प्रयोगाने दाखवून दिलं.

शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी तरुण उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा गोंगाट ऐकवला. मग उंदरांना भूल देऊन, कातडीखाली सुईसारखे इलेक्ट्रोड खोचून, कानात सोडलेल्या सुराला श्रवणचेतेत केवढी विद्युतलहर उमटते ते मोजलं. दुसऱ्या दिवशी काही सूर ऐकू यायला सुमारे ४० डेसिबल जास्त जोर लागत होता. दोन आठवड्यांत ही तूट भरून निघाली. कानात आवाज टिपणाऱ्या केशपेशीही शाबूत होत्या. तोवरच्या समजुतीप्रमाणे कान बरे झाले होते.

पण उच्च पट्टीचा सूर मोठ्याने वाजवला, तरी उमटणारी लहर पूर्वीच्या निम्मीही भरेना. आतल्या केशपेशी आणि चेतातंतू जिथे जोडले जातात ते सांधे, म्हणजे सायनॅप्स, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, तेव्हा कारण सापडलं. काही भागांत निम्मे सांधे पहिल्या चोवीस तासांतच तुटले होते. मागची चेतापेशी मात्र सावकाश, महिनोन्‌महिने मरत राहते.

मग हे श्रवणचाचणीत का दिसत नाही? एकेका आतल्या केशपेशीला दहा-वीस तंतू जोडलेले असतात. हळू आवाज टिपायला त्यातले थोडेही पुरतात, आणि चाचणी नेमका हळू आवाजच विचारते. गोंगाटाने आधी तुटतात ते मोठ्या आवाजाला जागे होणारे तंतू, असं पुढे गिनीपिगमध्ये दिसलं. गलक्यात समोरच्याचे शब्द वेगळे काढायला हेच तंतू कामी येतात, असं मानलं जातं. म्हणून ‘ऐकू येतं, पण चारचौघांत बोलणं कळत नाही’ ही तक्रार, चाचणीचा आलेख चांगला आहे म्हणून उडवून लावणं मला चूक वाटतं.

उंदरांचे आकडे माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. जिवंत माणसाच्या कानातले सांधे मोजताच येत नाहीत. तुटलेले सांधे पुन्हा जोडता येतील का? २०१६ साली, गोंगाटानंतर चोवीस तासांनी कानात न्यूरोट्रॉफिन-३ हे प्रथिन सोडल्यावर उंदरांमध्ये काही सांधे पुन्हा जुळले. माणसांसाठी असं औषध अजून बाजारात नाही. कानात घालायचे बोळे मात्र औषधाच्या दुकानात मिळतात.