कळवळा आणि धैर्य : पंडिता रमाबाईंचे दुष्काळकार्य

लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याची कथा परिचित आहे. लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या वाटसरूला पाहून याजक आणि लेवी दुसऱ्या बाजूने निघून जातात; यहुदी ज्यांना तुच्छ लेखीत, त्या शोमरोन्यांपैकी एक जण मात्र थांबतो. त्याच्या मनाची जी अवस्था झाली तिच्यासाठी मूळ ग्रीकमध्ये आतड्यांचा वाचक असलेल्या शब्दापासून बनलेले क्रियापद आहे. मराठी बायबलाने तेथे ‘कळवळा’ हा शब्द योजला. आतडे तुटते असे म्हणणाऱ्या भाषेला तो शोधावा लागला नसेल. तथापि कथेचा भर भावनेवर नाही. जेथे लुटारूंचे भय आहे अशाच रस्त्यावर तो थांबतो, जखमा बांधतो आणि उतारशाळेचा खर्च स्वतः सोसतो. ख्रिस्ती विचारात करुणा धैर्यावाचून अपुरी मानली जाते, ती या अर्थाने.

महाराष्ट्रात या विचाराची कसोटी पाहावयाची झाल्यास पंडिता रमाबाईंकडे (१८५८–१९२२) वळावे लागते. भूक त्यांना ऐकून ठाऊक नव्हती. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण ही एकापाठोपाठ गेली. पुढे इंग्लंडमध्ये असताना त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागात वाट चुकलेल्या स्त्रियांना आश्रय देणारे ख्रिस्ती भगिनींचे कार्य पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रीलाही मायेने वागविता येते, हे त्यांना तेथे प्रत्यक्ष दिसले. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आजच्या छत्तीसगडाचा बराचसा मुलूख त्या वेळी त्याच प्रांतात मोडत असे. रमाबाई तेथे गेल्या, तेव्हा त्यांच्या हाती या कामासाठी पैसा नव्हता. अमेरिकेतील ज्या मंडळाच्या साहाय्यावर शारदा सदन चालत होते, त्याने उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची हमी दिली होती. वाटेवरच्या कोणत्याही जातीच्या भुकेल्या पोरीसाठी नव्हे. मदतछावण्यांत आणि अन्नछत्रांत त्यांना हाडांचे सापळे झालेल्या मुली दिसल्या. त्याहून भयंकर गोष्ट ही की, अनाथ तरुण मुलींना अन्नाच्या मोबदल्यात अब्रू द्यावी लागत होती. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तामुळे त्यांना ठेवता येईना; तेव्हा पुण्याच्या पूर्वेस, लोहमार्गावरील केडगाव येथे पूर्वी घेतलेल्या जमिनीवर तात्पुरत्या निवाऱ्यांत त्यांची सोय करावी लागली. तेच पुढे मुक्ती सदन झाले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांवर गेली. पतित म्हणून टाकलेल्यांसाठी कृपासदन निघाले, आंधळ्यांचीही सोय झाली.

त्याच १८९७ साली त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेतील गैरप्रकारांवर, विशेषतः स्त्रियांच्या असुरक्षिततेवर, उघडपणे लिहिले. ख्रिस्ती स्त्रीने ख्रिस्ती राज्यकर्त्यांविरुद्ध लिहावे, हे अनेकांना रुचले नाही आणि मुंबई सरकारने आरोप नाकारले. रमाबाई मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. दुष्काळग्रस्तांना अन्न देणे लोकांना पटते. त्यांच्या वतीने सत्तेला जाब विचारणे फार थोड्यांना पटते.

या कार्याविषयी एक आक्षेप तेव्हापासून घेतला जातो, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही: भुकेल्याला आश्रय देताना त्याला धर्मही देणे योग्य काय? १८९३ मध्ये शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो या कारणावरून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मुक्तीत तर ख्रिस्ती शिक्षण उघडपणेच होते. निराश्रित मुलीच्या संमतीला कितपत अर्थ असतो, ही शंका रास्त आहे. परंतु दुष्काळाच्या त्या दिवसांत, जातीचा विचार न करता त्या छावण्यांच्या दारांशी जाऊन या मुलींना उचलणारे हात थोडे होते, हेही नोंदविले पाहिजे.

केडगावी शेती, विणकाम, शिवण यांबरोबर छापखानाही चालू झाला. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलाचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे मुक्तीतील मुलींनी व स्त्रियांनीच जुळविले होते.