बहुरूपी विषाणू आणि बदलत्या लसी

"डॉक्टर, लसीचे दोन्ही डोस घेतले, तरी कोविड झालाच. मग लसीचा उपयोग तो काय?" पेडणे-डिचोली परिसरातील बहुतेक दवाखान्यांत हा प्रश्न कधी ना कधी विचारला गेला असेल. वरवर भाबड्या वाटणाऱ्या या प्रश्नात लसशास्त्रातील एक अवघड कोडे दडलेले आहे. "काळजी करू नका" एवढ्या उत्तराने रुग्णाचे समाधान होत नाही. उलट लसीवरील त्याचा विश्वास उडतो आणि पुढच्या वेळी आवश्यक असलेली लसही तो टाळतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनीच समजून घेणे अगत्याचे आहे.

विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या असंख्य प्रती काढतो. नक्कल करताना चुका होतात, आणि आरएनए विषाणूंत त्या विशेष होतात. बहुतेक चुका निरुपयोगी ठरतात. परंतु एखाद्या चुकीमुळे विषाणूचा बाह्य चेहरा बदलला, तर आधीच्या चेहऱ्यासाठी तयार झालेली प्रतिपिंडे त्याला नीट ओळखत नाहीत. इन्फ्लुएन्झाचा विषाणू याहीपुढे जातो. त्याची जनुकसामग्री आठ तुकड्यांत असल्याने, एकाच पेशीत दोन जाती शिरल्यास त्या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. २००९ मध्ये जगभर पसरलेला एच१एन१ विषाणू अशाच सरमिसळीतून निर्माण झाला होता.

मग गोवराचे काय? तोही आरएनए विषाणूच. तरी १९५४ मध्ये वेगळ्या केलेल्या विषाणूपासून घडवलेली लस आजही उत्तम काम करते. याचे कारण असे, की गोवराच्या ज्या भागांवर प्रतिपिंडे आघात करतात, ते फारसे बदलले तर विषाणूला पेशीत शिरताच येत नाही. म्हणजे विषाणू बदलतो की नाही, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. त्याला कोणता भाग बदलणे परवडत नाही, हे शोधणे महत्त्वाचे आहे.

या शोधयात्रेशी आपल्या तालुक्याचाही संबंध आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून भारत बायोटेकने कोवॅक्सिन ही लस तयार केली. २०२० च्या जुलै महिन्यात तिच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या. त्यासाठी निवडलेल्या देशातील मोजक्या केंद्रांत पेडणे तालुक्यातील धारगळचे रेडकर इस्पितळ होते. लसीची पद्धत परिचितच होती: संपूर्ण विषाणू वाढवायचा, निष्प्राण करायचा आणि टोचायचा. तिसऱ्या टप्प्यातील सुमारे २५,८०० स्वयंसेवकांत या लसीने लक्षणयुक्त आजारापासून ७७.८ टक्के संरक्षण दिले. डेल्टा या बदललेल्या प्रकाराविरुद्ध हा आकडा ६५.२ टक्क्यांवर आला, मात्र गंभीर आजारापासूनचे संरक्षण एकंदरीत ९३.४ टक्के होते. रुग्णाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या आकड्यांत आहे. संसर्ग दाराशीच रोखणारी प्रतिपिंडे कालांतराने कमी होतात आणि नवा चेहरा पाहून चुकतातही. परंतु टी-पेशींची स्मृती विषाणूच्या अनेक भागांवर आधारलेली असल्याने ती सहसा टिकते आणि आजार बळावू देत नाही.

दुसरा मार्ग वेगाचा. एम-आरएनए लसीत विषाणू वाढवावाच लागत नाही. त्याच्या एका प्रथिनाचा केवळ 'मजकूर' शरीराला दिला जातो आणि आपल्याच पेशी ते प्रथिन घडवतात. विषाणू बदलला की मजकूर बदलायचा. जानेवारी २०२० मध्ये नव्या कोरोनाची जनुकरचना जाहीर झाली आणि १६ मार्चला अमेरिकेत पहिल्या स्वयंसेवकाला अशी लस टोचलीही गेली. या तंत्राचा पाया घालणाऱ्या कॅटलिन कारिको व ड्र्यू वाइसमन यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या, ओमिक्रॉनसाठी घडवलेल्या एम-आरएनए लसीला भारतात आपत्कालीन मान्यता मिळाली. ती २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे साध्या शीतकपाटात टिकते. ग्रामीण आरोग्यकेंद्राच्या दृष्टीने ही मोठीच सोय.

तिसरा मार्ग मुळावर घाव घालणारा आहे. इन्फ्लुएन्झाच्या हीमॅग्लुटिनिन प्रथिनाचा शेंडा सतत बदलतो, पण देठ फारसा बदलत नाही. शरीराला तो देठच ओळखायला शिकवावे, किंवा अनेक प्रकारांतील प्रथिने एकाच सूक्ष्म कणावर बसवून त्यांतील समान भाग दाखवावा, असे प्रयत्न चालू आहेत. मानवी चाचण्या झाल्या असल्या, तरी अशा लसी अद्याप नित्य वापरात आलेल्या नाहीत.

तोवर बहुरूप्याच्या मागे धावणे हेच आपले काम. जागतिक आरोग्य संघटना दरवर्षी दोनदा, फेब्रुवारी व सप्टेंबरमध्ये, फ्लूच्या लसीसाठी विषाणूंची निवड जाहीर करते. ही निवड जगभरच्या रुग्णांच्या घशातून घेतलेल्या नमुन्यांवर ठरते. तेव्हा संशयास्पद तापाचा नमुना वेळीच तपासणीस पाठवणारा गावचा डॉक्टरही पुढच्या लसीचा एक शिल्पकारच ठरतो. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात बळावतो. म्हणून वृद्ध, मधुमेही, हृदय व श्वसनविकारांचे रुग्ण आणि गर्भवती महिलांना मृग बरसण्यापूर्वीच लस सुचवावी, आणि आपणही ती चुकवू नये.

आणि तो प्रश्न पुन्हा आला, तर रुग्णाला सांगावे: "लस घेऊनही तुम्हांला ताप आला हे खरे. पण ती घेतली नसती तर तो छातीत उतरण्याचा धोका कितीतरी अधिक होता. विषाणू वेष पालटतो, म्हणून आपल्यालाही लस पुन्हा घ्यावी लागते."