ठराव क्रमांक १११

२५ मार्च २००३ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १११ क्रमांकाचा एक ठराव दाखल झाला. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया शहराचे प्रतिनिधी ब्रायन बेअर्ड यांनी तो मांडला होता. रेचल कोरी या तेवीस वर्षांच्या तरुणीच्या मृत्यूबद्दल त्यात शोक होता आणि एक मागणी होती: अमेरिकी सरकारने या मृत्यूची संपूर्ण, निःपक्षपाती आणि विनाविलंब चौकशी करावी. रेचल जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. तो ठराव मतदानापर्यंत कधी पोहोचलाच नाही.

रेचल ऑलिंपियातल्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजची विद्यार्थिनी. जानेवारी २००३मध्ये ती इंटरनॅशनल सॉलिडॅरिटी मूव्हमेंटच्या कामासाठी गाझा पट्टीतल्या रफाहला गेली. इजिप्तच्या सीमेलगतची पॅलेस्टिनींची घरं इस्रायली लष्कर त्या काळात बुलडोझरने पाडत होतं. बोगदे आणि शस्त्रांची चोरटी वाहतूक थांबवण्यासाठी हे करावं लागतं, असं लष्कराचं म्हणणं होतं. परदेशी स्वयंसेवक त्या घरांसमोर उभे राहत. १६ मार्चला रेचल एका औषध दुकानदाराच्या घरापुढे उभी होती. त्या कुटुंबाचा तिला लळा होता. तिच्या अंगात भडक केशरी रंगाचं, उजेडात चमकणारं जाकीट होतं. समोर कॅटरपिलर कंपनीचा डी-९ बुलडोझर होता, चिलखती पत्र्याने मढवलेला, पन्नास टनांहून जड. त्याच्याखाली सापडून ती गेली. चालकाला ती स्पष्ट दिसत होती, असं तिचे सहकारी सांगतात. दिसलीच नाही, असं चालक आणि लष्कर सांगतं.

चार दिवसांनी इराकवर हल्ला सुरू झाला आणि अमेरिकी वर्तमानपत्रांना दुसऱ्या कशासाठी जागा उरली नाही. तशा दिवसांत क्रेग आणि सिंडी कोरी हे आईवडील लोकप्रतिनिधींचे उंबरे झिजवू लागले. क्रेग हे व्हिएतनाम युद्धात लष्कराच्या अभियंता तुकडीत होते. बुलडोझरचं काम त्यांच्या देखरेखीखाली चाले. पात्यापुढे काय आहे हे पाहण्याची जबाबदारी चालवणाऱ्याचीच असते, हे त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं. ते कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं.

ठरावाला अनुमोदन देणाऱ्यांची संख्या हळूहळू ७०च्या पुढे गेली. ४३५ जणांच्या सभागृहात हा आकडा लहान नाही. इस्रायलच्या लष्करी कारवाईबद्दल प्रश्न विचारणाऱ्या मागणीखाली, त्या काळात, इतक्या सह्या मिळणं ही त्या कुटुंबाची मोठी कमाई होती. पण ठराव आंतरराष्ट्रीय संबंध समितीकडे गेला आणि तिथेच राहिला. समितीने विषयपत्रिकेवर घेतल्याशिवाय तो सभागृहात येत नाही आणि काँग्रेसची दोन वर्षांची मुदत संपली की पडून राहिलेलं सगळं आपोआप रद्द होतं. आपल्या विधिमंडळातल्या अशासकीय ठरावांची गत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच वसंतात त्याच काँग्रेसने दुसरं एक काम मात्र झटपट उरकलं. युद्धखर्चाची पुरवणी मागणी मंजूर करताना तिने इस्रायलसाठी एक अब्ज डॉलरची जादा लष्करी मदत आणि नऊ अब्ज डॉलरच्या कर्जांची हमी मंजूर केली. अध्यक्ष बुश यांची त्यावर सही झाली १६ एप्रिल २००३ला. रेचलला जाऊन बरोबर महिना झाला होता. कोरी कुटुंबाच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्याचा मागोवा घेताना मी पुन्हा पुन्हा या दोन कागदांपाशी येऊन थांबतो. एका कागदावर सह्या होत्या, दुसऱ्यावर पैसा होता. मला वाटतं, सगळं अपयश या दोघांची गाठ कुणी न घातल्यामुळे आलं.

असं म्हणायला आधार आहे. २ डिसेंबर १९८० रोजी एल साल्वादोरमध्ये नॅशनल गार्डच्या जवानांनी चार अमेरिकी स्त्रियांवर अत्याचार करून त्यांना ठार मारलं. इटा फोर्ड, मॉरा क्लार्क आणि डोरोथी केझल या तिघी नन, तर जीन डोनोव्हन ही मिशनची तरुण कार्यकर्ती. निर्वासितांना अन्न आणि आसरा देणं हे त्यांचं काम. तिथलं सरकार वॉशिंग्टनच्या मर्जीतलं होतं. परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी तर काँग्रेसच्या समितीपुढे असा तर्क मांडला की त्या बायकांच्या गाडीने नाका तोडून जाण्याचा प्रयत्न केला असावा. इटाचे भाऊ विल्यम फोर्ड न्यूयॉर्कमध्ये वकील होते. त्यांनी आणि इतर कुटुंबांनी काँग्रेसमध्ये अक्षरशः तळ ठोकला. चौकशी झालीच पाहिजे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९८३मध्ये काँग्रेसने कायद्यातच लिहून टाकलं की या खटल्याचा निकाल लागेपर्यंत एल साल्वादोरच्या लष्करी मदतीतला ३० टक्के भाग रोखून धरला जाईल. तीन वर्षं रेंगाळलेला खटला उभा राहिला. मे १९८४मध्ये पाच जवान दोषी ठरले. नाक दाबल्यावर तोंड उघडलं.

न्याय तेव्हाही पुरा झाला नाही. हुकूम कुणी दिला हा प्रश्न मागेच राहिला, त्या काळातले दोन जनरल पुढे फ्लोरिडात सुखाने राहिले आणि त्यांची हकालपट्टी व्हायला २०१५-१६ साल उजाडलं. पण मित्रराष्ट्राच्या गणवेशातल्या माणसांना अमेरिकी नागरिकांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली आणि ती काँग्रेसने तिजोरीला हात घातल्यामुळे झाली.

कोरींच्या बाबतीत सरकारी यंत्रणेचं उत्तर दोन पातळ्यांवर अडत होतं. पंतप्रधान शरोन यांनी बुश यांना शब्द दिला होता की तपास सखोल, विश्वासार्ह आणि पारदर्शक होईल. इस्रायली लष्करी पोलिसांनी काही महिन्यांत तपास संपवला आणि कुणावरही ठपका ठेवला नाही. पॅलेस्टिनी साक्षीदारांचे जबाब त्यांनी घेतलेच नव्हते. शवविच्छेदनाला अमेरिकी दूतावासाचा माणूस हजर असावा, अशी अट कोर्टाच्या हुकमात होती. ती पाळली गेली नाही, हे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी पुढे साक्षीत कबूल केलं. मग अमेरिकेने स्वतः तपास का केला नाही? कारण परदेशात अमेरिकी नागरिकाची हत्या झाली तर खटला भरण्यासाठी जो कायदा आहे, त्यात ॲटर्नी जनरलला असं लिहून द्यावं लागतं की हा गुन्हा एखाद्या सरकारला किंवा जनतेला दहशत बसवण्यासाठी अथवा सूड म्हणून केलेला होता. मित्रदेशाच्या सैनिकाबद्दल असं प्रमाणपत्र कोण देणार? शिवाय यजमान देशाच्या परवानगीशिवाय एफबीआयला तिथे पाऊल टाकता येत नाही.

ब्रिटिश कुटुंबांची स्थिती निराळी होती. रफाहमध्येच ११ एप्रिल २००३ला टॉम हर्नडॉल या तरुणाच्या डोक्यात इस्रायली सैनिकाची गोळी लागली. तो मुलांना गोळीबारातून बाजूला काढत होता. नऊ महिन्यांनी तो लंडनमध्ये वारला. त्याच्या घरच्यांनी पिच्छा पुरवला, सैनिकावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि २००५मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. इंग्लंडमध्ये परदेशी मेलेल्या माणसाचा देह मायदेशी आणला आणि मृत्यू संशयास्पद असला तर कॉरोनरला चौकशी करावीच लागते. जेद्दाहमध्ये १९७९ साली मरण पावलेल्या हेलन स्मिथ या नर्सच्या वडिलांनी वरिष्ठ न्यायालयापर्यंत भांडून १९८२मध्ये हा हक्क पक्का करून घेतला होता. त्यामुळे टॉमच्या मृत्यूबद्दल लंडनच्या ज्युरीने २००६मध्ये बेकायदा हत्येचा निर्णय दिला, त्यासाठी कुठल्या खासदाराच्या ठरावाची वाट पाहावी लागली नाही. अमेरिकेत असा हक्क नसल्याने कोरींना लोकप्रतिनिधींखेरीज दार नव्हतं. परदेशी मृत्यूबद्दल बोलताना आपण व्यक्तींच्या धैर्याचं कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण हेलनच्या बापाने मिळवलेला एक कोर्टाचा निर्णय पुढच्या किती कुटुंबांचे हेलपाटे वाचवतो, हे ध्यानात घ्यायला हवं.

तरी कोरींच्या हेलपाट्यांतून एक गोष्ट पदरात पडली. जून २००४मध्ये परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांचे चीफ ऑफ स्टाफ लॉरेन्स विल्करसन यांनी कुटुंबाला लेखी कळवलं की इस्रायलचा अहवाल सखोल, विश्वासार्ह आणि पारदर्शक या कसाला उतरतो का, याचं उत्तर निःसंदिग्धपणे ‘नाही’ असं आहे. मित्रदेशाबद्दल एवढं स्वच्छ वाक्य सरकारी कागदावर येणं दुर्मीळ. २०१२मध्ये राजदूत डॅन शपिरो यांनी कुटुंबाला हेच पुन्हा सांगितलं. सरकार असमाधानी आहे, हे सरकारच सांगत होतं आणि मदत दरवर्षी वेळेवर जात होती.

लोकप्रतिनिधींकडून काही निघेना, तेव्हा कुटुंब न्यायालयांकडे वळलं. २००५मध्ये त्यांनी अमेरिकेत कॅटरपिलरवर दावा लावला. २००७मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की हे बुलडोझर अमेरिकी सरकारच्या मदतीतून घेतलेले आहेत, त्यामुळे यात पडणं म्हणजे परराष्ट्र धोरणात हात घालणं होईल. दावा निकालात निघाला तो पुन्हा त्या मदतीपायीच. हैफाच्या न्यायालयात त्यांनी एका डॉलरची नाममात्र भरपाई मागितली. मार्च २०१०मध्ये साक्षी सुरू झाल्या. बुलडोझरच्या चालकाची साक्ष पडद्याआडून झाली. त्याचा चेहरा आईवडिलांना पाहू दिला नाही. सात वर्षं ज्या माणसाला एक प्रश्न विचारायचा होता त्याचा फक्त आवाज ऐकत सिंडी कोरी त्या दालनात बसल्या. २८ ऑगस्ट २०१२ला न्यायाधीश ओदेद गेर्शोन यांनी निकाल दिला की हा खेदजनक अपघात होता आणि तिने तो स्वतःवर ओढवून घेतला. फेब्रुवारी २०१५मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं.

मग एवढ्या वर्षांचं फलित काय? मला ते पुढच्या कुटुंबांच्या हाती लागलेलं दिसतं. मे २०२२मध्ये जेनिनमध्ये अमेरिकी नागरिक असलेल्या पत्रकार शिरीन अबू अक्लेह गोळी लागून ठार झाल्या, तेव्हा प्रतिनिधिगृहातल्या ५७ सदस्यांनी काही दिवसांत एफबीआय तपासाची मागणी केली. पाठोपाठ २४ सिनेटरांचं पत्र गेलं. नोव्हेंबरमध्ये एफबीआयने तपास सुरू केल्याची बातमी आली. इस्रायलने सहकार्य नाकारलं. तरीही दार किलकिलं झालं, ते रेचलच्या वेळी झालं नव्हतं.

रफाह हे नाव मराठी घरांत मे २०२४मध्ये फार जवळून पोहोचलं. भारतीय सैन्यातून निवृत्त होऊन संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात गेलेले कर्नल वैभव काळे तिथे संयुक्त राष्ट्रांच्या गाडीवर झालेल्या माऱ्यात गेले. त्यांच्यावर पुण्यात अंत्यसंस्कार झाले. संयुक्त राष्ट्रांनी तथ्यशोधन समिती नेमली. आपल्या संसदेत अशा मृत्यूचा पाठपुरावा करण्याची रीत बसलेली नाही, ती बसायला हवी.

६ सप्टेंबर २०२४ रोजी वेस्ट बँकमधल्या बैता गावी आयशेनूर एझ्गी एय्गी ही सव्वीस वर्षांची तरुणी इस्रायली सैनिकाच्या गोळीने गेली. रेचलच्याच राज्यातली आणि त्याच संघटनेची स्वयंसेविका. सिएटलच्या प्रतिनिधी प्रमिला जयपाल आणि सिनेटर पॅटी मरे यांनी स्वतंत्र अमेरिकी तपास मागितला आणि सह्या करणाऱ्या लोकप्रतिनिधींची संख्या शंभरावर गेली. कोरी दांपत्य आता म्हातारं झालं आहे, तरी ते या कुटुंबाच्या बाजूने जाहीरपणे उभं राहिलं. त्याच नोव्हेंबरात इस्रायलला जाणारी काही शस्त्रं रोखण्याचे बर्नी सँडर्स यांचे ठराव सिनेटमध्ये पडले. रणगाड्याच्या गोळ्यांबद्दलच्या ठरावाला १८ मतं मिळाली, विरोधात ७९. डिसेंबरमध्ये आयशेनूरचे पती आणि नातेवाईक परराष्ट्रमंत्री ब्लिंकन यांना भेटले. इस्रायलचा तपास संपत आला आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. अमेरिका स्वतः तपास करील असं आश्वासन मिळालं नाही आणि बाहेर येऊन त्यांनी ते पत्रकारांना तसंच सांगितलं.