खरी श्रीमंती कोणती? लोणावळ्याच्या ‘साधने’चे उत्तर

लोणावळा म्हटले की चिक्की, धुके आणि टुमदार बंगले डोळ्यांसमोर येतात. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला आणि मावळातील जमिनीचे मोलच बदलले. भातखाचरांच्या जागी बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. शहरवासीयांसाठी ‘लोणावळ्याला बंगला’ ही सुखवस्तूपणाची खूण ठरली, तर मावळातील अनेक घरांत गुंठ्याचा भाव हा रोजच्या बोलण्याचा विषय झाला. याच लोणावळ्यात संपत्तीचा अगदी निराळा हिशेब मांडणारी एक ख्रिस्ती परंपराही रुजली. फादर अँथनी डिमेलो यांच्या ‘साधना’ संस्थेची ही परंपरा होय.

डिमेलो यांचा जन्म १९३१ मध्ये मुंबईत झाला. १९४७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी ते येशूसंघात, म्हणजे जेझुइट संघात दाखल झाले. स्पेनमध्ये तत्त्वज्ञान, पुण्यात धर्मशास्त्र आणि अमेरिकेत मानसशास्त्र असे त्यांचे शिक्षण झाले. सत्तरच्या दशकात त्यांनी पुण्यात ‘साधना’ संस्था सुरू केली आणि त्याच दशकात ती लोणावळ्यात आली. धर्मगुरू आणि धर्मभगिनी येथे दीर्घ मुदतीच्या शिबिरांसाठी येत. संस्थेचे नाव संस्कृत, विषय ख्रिस्ती प्रार्थना आणि पद्धतीत विपश्यनेपासून आधुनिक मानसशास्त्रापर्यंत अनेक प्रवाह, असे तिचे स्वरूप होते. १९८७ मध्ये न्यूयॉर्क येथे व्याख्यानांसाठी गेले असता हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते या संस्थेचे संचालक होते.

हिऱ्याची गोष्ट

‘द साँग ऑफ द बर्ड’ या १९८२ च्या पुस्तकात डिमेलो यांनी एक कथा सांगितली आहे. गावाबाहेर झाडाखाली मुक्कामाला आलेल्या एका संन्याशाकडे गावकरी धावत येतो आणि मौल्यवान खडा मागतो. आपल्याला तसा स्वप्नात दृष्टान्त झाला, असे तो सांगतो. संन्यासी झोळीत हात घालतो आणि वाटेत सापडलेला भलामोठा हिरा सहज त्याच्या हातावर ठेवतो. गावकरी हिरा घेऊन घरी जातो. पण रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागत नाही. पहाटे तो संन्याशाला उठवतो आणि वेगळीच मागणी करतो. हा हिरा इतक्या सहजपणे देऊन टाकता येतो, ती श्रीमंती मला द्या, असे तो म्हणतो.

या कथेत हिऱ्याची निंदा नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हिरा वाईट आहे किंवा तो फेकून द्यावा, असे संन्यासी म्हणत नाही. हिरा त्याच्या झोळीत होता, मनात नव्हता. गावकऱ्याच्या बाबतीत तो एका रात्रीत मनात शिरला. भौतिक धन आणि आत्मिक धन यांतील ख्रिस्ती श्रद्धेला अभिप्रेत असलेला भेद नेमका येथे आहे.

शुभवर्तमानात काय आहे?

येशूच्या शिकवणुकीत पैशाचा विषय वारंवार येतो. डोंगरावरील प्रवचनात कसर व गंज लागणारे आणि चोर नेऊ शकणारे धन पृथ्वीवर साठवण्याऐवजी ते स्वर्गात साठवण्याचा उपदेश आहे. जेथे मनुष्याचे धन, तेथेच त्याचे मन असते, हे त्याचे कारण सांगितले आहे. लूकच्या शुभवर्तमानात, भरघोस पीक आल्यावर जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत करणाऱ्या धनवानाचा दाखला आहे. बेत पुरा होण्यापूर्वी त्याच रात्री त्याला मृत्यू गाठतो.

मात्र या शिकवणुकीचा अर्थ ‘श्रीमंत वाईट, गरीब चांगला’ इतका सरळ नाही. दोन प्रसंग शेजारी ठेवले की तो उलगडतो. मार्कच्या शुभवर्तमानातील धनिकाला येशू सर्व काही विकून गोरगरिबांना देण्यास सांगतो आणि तो खिन्न होऊन निघून जातो. लूकमधील जक्कय हा जकातदार मात्र आपली निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे स्वतःहून ठरवतो. येशू त्याच्याकडे उरलेले अर्धे मागत नाही. म्हणजे कसोटी रकमेची नाही. धनाने माणसाला धरून ठेवले आहे की नाही, ही ती कसोटी. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचे दान सर्वांत मोठे ठरते, तेही याच न्यायाने. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही अनर्थाचे मूळ म्हणून पैशाकडे नव्हे, तर पैशाच्या लोभाकडे बोट दाखवले आहे.

सरदाराची वस्त्रे

डिमेलो ज्या संघाचे होते, त्याचा संस्थापक इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधील सरदार घराण्यातला. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तो जायबंदी झाला. पुढच्या वर्षी माँटसेराट येथे त्याने आपली उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला देऊन टाकली. त्याने रचलेली आणि १५४८ मध्ये छापली गेलेली ‘आध्यात्मिक साधना’ ही जेझुइट जीवनाचा पाया आहे. श्रीमंती की दारिद्र्य, आरोग्य की आजार, दीर्घायुष्य की अल्पायुष्य, यांपैकी कशाचाच आग्रह न धरता ईश्वरी हेतूला जे पोषक असेल ते निवडावे, असे ती सांगते. या वृत्तीला ‘अलिप्तता’ म्हटले जाते. धनाच्या लोभातून मानाची हाव आणि मानातून अहंकार, अशी घसरणीची पायरीन् पायरीही इग्नेशियसने दाखवून दिली आहे. डिमेलो यांनी हाच विचार आसक्तीच्या भाषेत मांडला. अमुक मिळाल्याशिवाय मी सुखी होणारच नाही, ही समजूत म्हणजे आसक्ती, असे त्यांचे प्रतिपादन होते.

त्यांच्या विचारांवर वादही झाला. १९९८ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्तविषयक मंडळाने त्यांच्या लेखनातील ईश्वर आणि येशू यांच्याविषयीच्या काही भूमिका कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचे सूचनापत्र काढले. पुढे पोप झालेले कार्डिनल रॅट्झिंगर तेव्हा या मंडळाचे प्रमुख होते. मात्र माणसाला जखडणारे पाश तोडण्यास उपयुक्त असे काही या लेखनात आहे, हेही त्याच पत्रात मान्य केले होते.

मावळाला ओळखीचा विचार

मावळच्या मातीला हा विचार परका नाही. कार्ल्याच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आणि धेनुकाकटचे यवन अशा दात्यांचा त्यांत उल्लेख आहे. काहीही जवळ न बाळगणाऱ्या भिक्षूंसाठी त्यांनी आपले धन खर्ची घातले. लोणावळ्याजवळ उगम पावणाऱ्या इंद्रायणीतच पुढे देहूला तुकोबांनी सावकारीची खतपत्रे बुडवली, अशी परंपरा आहे. त्यांच्या चिंतनाचा भंडारा डोंगर तर मावळातच आहे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या पगारी सेवेचा त्याग करून संन्यस्त वृत्ती पत्करली, हा योगायोग नव्हे.

तथापि, स्वेच्छेने स्वीकारलेले दारिद्र्य आणि लादलेली उपासमार यांत गल्लत होता कामा नये. पुणे जिल्ह्यातीलच केडगावचे उदाहरण येथे बोलके आहे. पंडिता रमाबाई यांचे आई-वडील १८७० च्या दशकातील दुष्काळात अन्नावाचून गेले. त्याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुली-स्त्रियांना आश्रय देऊन केडगावला ‘मुक्ती’ उभी केली. तिथे शेती होती, विहिरी होत्या, छापखाना होता. पैसा लागत होता आणि तो येतही होता. पण तो थांबत नव्हता, माणसांकडे वाहत होता. भुकेल्याला अलिप्ततेचे प्रवचन देणे ही अध्यात्माची थट्टाच ठरेल.

दुसरीकडे, श्रद्धा ठेवा म्हणजे धनदौलत मिळेल, असे सांगणारी प्रवचनेही विसाव्या शतकात अमेरिकेतून जगभर पसरली. अनेक ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञांनी त्यांवर टीका केली आहे. ईश्वराला तिजोरीची किल्ली बनवले की धन हेच दैवत होते, हा त्यांचा आक्षेप आहे.

वडिलोपार्जित जमीन विकून अचानक हाती रक्कम आलेले मावळातील कुटुंब असो वा दुसऱ्या घराच्या हप्त्यांत गुंतलेला पुण्या-मुंबईचा नोकरदार, प्रश्न दोघांनाही सारखाच लागू आहे. घर, जमीन, ठेवी या गरजेच्या गोष्टी आहेत आणि त्या मिळवण्यात कमीपणा नाही. त्या मिळाल्यावर रात्री झोप लागते का आणि त्यांतला काही वाटा गरजवंताला देताना हात आखडतो का, एवढे मात्र ज्याचे त्याने तपासून पाहायचे आहे.