भाकरी लांबून टाकू नये



आमच्या लहानपणी वेशीबाहेर, ओढ्याच्या काठी एक म्हातारा खोपट करून राहायचा. त्याला महारोग होता. आजी माझ्या हाती भाकरी देई आणि बजावी, "लांबूनच टाक रे, शिवू नकोस त्याला!" मी भाकरी टाकी आणि धूम पळत येई. दानधर्म झाला, असे आम्हांला वाटे. पण त्या म्हाताऱ्याचे नाव काय, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

असाच एक माणूस भिऊन पळाला होता. पण तो परत फिरला. तो माणूस म्हणजे बाबा आमटे. त्यांचा जन्म १९१४ साली हिंगणघाटला झाला. घरची जमीनदारी, शिक्षण वकिलीचे. वरोऱ्याला असताना त्यांनी भंगीकामही अंगावर घेतले. आपण कशालाच भीत नाही, असा त्यांचा समज. एके दिवशी पावसात भिजत पडलेला तुळशीराम नावाचा महारोगी त्यांना दिसला. बोटे झडलेली, जखमांत किडे. बाबा घाबरले आणि निघून गेले. पण मन काही केल्या स्वस्थ बसेना. ते परत आले, त्याला खाऊ घातले, त्याची सेवा केली. पुढे कलकत्त्याला जाऊन त्यांनी या रोगाच्या उपचाराचे शिक्षणही घेतले.

आता, ही भीती खरी किती, ते पाहू. महारोग, म्हणजे कुष्ठरोग, हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे. तो एका जंतूपासून होतो. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ सालीच तो जंतू शोधून काढला. रोग फार सावकाश पसरतो आणि बहुतेक माणसांच्या अंगात त्याला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. मग बोटे का झडतात? रोगाने नसा बधिर होतात. चुलीतले निखारे लागले तरी कळत नाही, काटा रुतला तरी कळत नाही. जखमा चिघळतात आणि बोटे खुरटत जातात. म्हणजे, वेदना न कळणे हेच त्या रोग्याचे दुखणे. आणि दुसऱ्याची वेदना न कळणे हे आपले! खरा बधिर कोण, हे ज्याने त्याने ठरवावे.

१९४९ साली बाबांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी रानात आनंदवन सुरू झाले. सोबत पत्नी साधनाताई, दोन लहान मुले आणि सहा रुग्ण. बाबांनी रुग्णांपुढे भिक्षापात्र ठेवले नाही. कुदळ दिली. विहीर खणली, शेत पिकले. पण पिकवलेली भाजी गावात सुरुवातीला कुणी घेईना. भीती हळूहळू ओसरली. १९६४ साली तर आनंदवनात महाविद्यालय उभे राहिले. ज्यांच्या हातची भाजी नको होती, त्यांच्याच अंगणात गावची मुले शिकू लागली! घेणारा देणारा झाला, की तो सन्मानाने ताठ उभा राहतो. जगण्याला अर्थ येतो तो असा.

आज बहुविध औषधोपचाराने हा रोग पुरता बरा होतो. सहा ते बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात आणि सरकारी दवाखान्यांत त्या फुकट मिळतात. कुष्ठरोगावरून घटस्फोट मागण्याची कायद्यातली तरतूदही २०१९ साली काढून टाकण्यात आली. कायद्याने पाऊल टाकले. आता राहिले आपले मन.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला, तर चारचौघांत बोलू नका. आईबापांना बाजूला घेऊन समजावा आणि दवाखान्यात पाठवा. लवकर उपचार झाले, तर हातापायांत व्यंग सहसा येत नाही. आणि त्या मुलाला वर्गात शेवटच्या बाकावर एकटे बसवू नका.

बाबा आमटे २००८ साली गेले. आपल्याला आनंदवन उभारता येणार नाही, हे खरे. पण भाकरी हातात देता येईल, नाव विचारता येईल, घटकाभर शेजारी बसता येईल. मला त्या म्हाताऱ्याचे नाव विचारायचे राहून गेले. तुमच्या गावात असा कुणी असेल, तर तुम्ही तेवढे राहू देऊ नका.