नवव्या दिवसाचा क्ष-किरण

अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं, म्हणून तेथें घटच नाहीं असें कोणी म्हणूं लागला, तर आपण त्यास प्रथम दिवा आणावयास सांगूं. भाट्ट मीमांसकांनीं व अद्वैतवेदान्त्यांनीं ‘अनुपलब्धि’ हें स्वतंत्र प्रमाण मानिलें. पण त्यास योग्यतेची अट घातली. जी वस्तु असती तर दिसलीच असती, तिच्याच न दिसण्यावरून तिचा अभाव ठरवावा. या अटीचें मोल खगोलशास्त्रज्ञांस कसें प्रत्ययास आलें, ती हकीकत आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों.

दोन अतिजड गोल परस्परांभोवतीं फिरत अखेर एकमेकांवर आदळले, म्हणजे अवकाशालाच सूक्ष्म कंप सुटतो. त्यास गुरुत्वतरंग म्हणतात. 14 सप्टेंबर 2015 रोजीं अमेरिकेंतील लायगो वेधशाळांनीं असा तरंग प्रथम टिपला. तो दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा होता. परंतु तरंगावरून उगमाची दिशा मोघमच कळते. गांव कळावें, पण घर कळूं नये, तशी. घर सांपडावयाचें तर तेथून प्रकाश किंवा क्ष-किरण यावयास हवेत. कृष्णविवरांच्या मीलनांत त्यांची आशा थोडी. न्यूट्रॉन तारे आदळले तर मात्र द्रव्य उधळून उजेड पडतो.

तसा योग 17 ऑगस्ट 2017 रोजीं आला. सुमारें 100 सेकंद तरंग टिकला, आणि तो संपल्यावर 1.7 सेकंदांनीं फर्मी उपग्रहास गॅमा किरणांची क्षणिक चमक आढळली. इटलींतील व्हर्गो वेधशाळेच्या साह्यानें शोधाचें क्षेत्र आटोक्यांत आलें. सुमारें 11 तासांनीं चिली देशांतील 1 मीटर व्यासाच्या दुर्बिणीनें वासुकी तारकासमूहांत, 13 कोटी प्रकाशवर्षें दूर असलेल्या एन्. जी. सी. 4993 या दीर्घिकेंत नवा तेजोबिंदु पाहिला. घर सांपडलें.

आतां क्ष-किरणांचा शोध. आपलें वातावरण ते शोषून घेतें, म्हणून त्यांच्या दुर्बिणी उपग्रहांवर असतात. स्विफ्ट व नूस्टार या उपग्रहांनीं पहिल्याच दिवशीं पाहिलें, क्ष-किरण नाहींत. आपल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखरांचें नांव धारण करणाऱ्या ‘चंद्रा’ दुर्बिणीनें दोन दिवसांनीं पाहिलें, तरीही नाहींत. गॅमा चमकेमागून येणारे क्ष-किरण सहसा आरंभींच प्रखर असून पुढें मंदावतात. तेव्हां येथें ते नाहींतच, असा निर्णय देणें सोपें होतें.

परंतु ते असतील तर आजच दिसले पाहिजेत काय, हा प्रश्न वेधकांनीं सोडला नाहीं. टकरींतून निघालेला झोत अरुंद असून त्याचें तोंड आपणांकडे नसेल, तर आरंभीं तो आपणांस दिसणार नाहीं. भोंवतालच्या द्रव्यांत घुसून त्याचा वेग कमी झाला, म्हणजे त्याचा उजेड रुंदावत आपणांपर्यंत पोहोंचेल. चंद्रानें पुन्हा पाहिलें, आणि नवव्या दिवशीं, 26 ऑगस्टला, क्षीण क्ष-किरण सांपडले! पुढें सूर्य त्या दिशेस आल्यानें वेध थांबले. डिसेंबरांत पाहतां ते अधिक तेजस्वी झाले होते. सुमारें पांच महिन्यांनीं शिखर गांठून मग ते ओसरूं लागले. झोत होता, आणि तो बाजूस वळलेला होता, हें यावरून दृढ झालें. दुसऱ्याच दिवशीं वही मिटली असती, तर हें ज्ञान हातचें गेलें असतें.

दर वेळीं असें फळ मिळत नाहीं. 25 एप्रिल 2019 रोजीं आलेल्या तरंगाचा उगम आकाशाच्या जवळजवळ पंचमांशांत कोठेंही असूं शकत होता. पुष्कळ शोधूनही कांहीं सांपडलें नाहीं. पण तेथें तेज नव्हतेंच, असें म्हणण्याचा अधिकार कोणास नाहीं. दिवा सर्व कोपऱ्यांत पोहोंचलाच नव्हता.

दूरदूरच्या स्थळीं वेधशाळा वाढल्या, तर दिशा अधिक नेमकी कळेल. त्यांपैकीं एक आपल्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ व्हावयाची असून, केंद्र सरकारनें एप्रिल 2023 मध्यें तिला मंजुरी दिली आहे. नागनाथाच्या दर्शनास जाणाऱ्या वाचकांनीं तिची आठवण ठेवावी. आणि घरांतील एखाद्या मुलाच्या अंगीं अद्याप गुण दिसला नाहीं म्हणून निर्णय देण्यापूर्वीं, आपण दिवा नीट धरला आहे काय, व नववा दिवस उजाडला आहे काय, हें पाहावें, एवढीच आमची विनंती आहे.