खेळ सुचवितांना

पुस्तक सुचविणें आणि खेळ सुचविणें हीं दोन्हीं कामें वरवर सोपीं दिसतात. परंतु दोहोंतही सुचविणारा बहुधा स्वतःचीच आवड दुसऱ्याच्या हातीं देतो. आमच्या दिंडोरीकडे मोबाईलवर खेळणारीं मुलें पाहिलीं, तर एकाच्या हातीं जो लढाईचा खेळ, तोच त्याच्या मित्रांच्याही हातीं दिसतो. तो त्यांनीं निवडला असें म्हणणें कठीण. सगळे खेळतात म्हणून तो त्यांच्यापर्यंत आला, इतकेंच. असे खेळ बहुधा फुकट मिळतात व पुढें पोशाख, शस्त्रें इत्यादि विकून आपला खर्च भरून काढितात. खेळणाऱ्यानें रोज परत यावें, अशीच त्यांची रचना असते.

याहून निराळा एक वर्ग आहे. त्यांतील खेळांना ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र, व्हिडिओ गेम म्हणतात. एखादा मनुष्य किंवा लहानशी मंडळी मोठ्या प्रकाशक कंपनीच्या आश्रयावांचून ते तयार करिते. ते बहुधा एकदांच विकत घ्यावयाचे असतात, आणि पुष्कळांना शेवट असतो. मात्र पैसे आधीं मोजावे लागतात. निवड चुकली तर विद्यार्थ्याचे खाऊचे पैसे वायां जातात. म्हणून सुचविणाऱ्यावर थोडी जबाबदारी येते.

त्यानें प्रथम विचारावें तें हें कीं, आजवर तुला कोणता खेळ आवडला, आणि त्यांतील कोणता क्षण? नुसतें प्रकाराचें नांव विचारून भागत नाहीं. लढाईचा खेळ आवडतो असें सांगणारे तिघे घ्या. एकाला नेम साधण्याचा आनंद असतो. दुसऱ्याला अनोळखी प्रदेश धुंडाळण्याचा. आणि तिसऱ्याला लढाईशीं मुळींच कर्तव्य नसतें, रात्रीं चार मित्रांशीं गप्पा मारीत बसावें एवढेंच त्याला हवें असतें. या तिसऱ्याला एकट्यानें खेळावयाचा उत्तमांतील उत्तम खेळ दिला, तरी दहा मिनिटांत तो बाजूस ठेवील, आणि वर ‘लहान खेळ नीरस असतात’ असा कायमचा ग्रह करून घेईल.

दुसऱ्याला मात्र मी आपल्या पुण्यांत तयार झालेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ दाखवीन. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीनें २०१७ सालीं त्यासाठीं किकस्टार्टरवर लोकांकडे वर्गणी मागितली होती. ती ठरविल्याइतकी जमली नाहीं. तरीही काम न सोडतां २०२० सालीं त्यांनीं खेळ प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं ‘द गेम अवॉर्ड्स’मध्यें पदार्पणाच्या उत्कृष्ट स्वतंत्र खेळांच्या नामावलींत त्याचा समावेश झाला. राजी ही कसरती करणारी मुलगी. राक्षसांनीं पळविलेल्या गोलू या भावाच्या शोधांत ती निघते, आणि तिची कथा दुर्गा व विष्णु यांच्या संवादांतून आपणांस ऐकूं येते. राजस्थानी धाटणीचे वाडे, भिंतींवरील चित्रें, छायाबाहुल्यांसारखे प्रसंग हें सारें पाहण्याजोगें आहे. परंतु मित्राला सुचवितांना दोषही सांगावेत. यांतील मारामारी कांहींशी ताठर आहे, खेळ थोड्या तासांतच आटोपतो आणि शेवट तर तुटल्यासारखा वाटतो. भिंतीपुढें थांबून चित्र पाहणाऱ्याला तो आवडेल; ज्याला केवळ त्रिशूळ चालवावयाचा आहे तो निराश होईल.

‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ एरिक बॅरोन यांनीं चार वर्षांहून अधिक काळ एकट्यानें खपून २०१६ सालीं पुरा केला. आजोबांनीं ठेवलेलें ओसाड शेत आपण लागवडीस आणावयाचें. ऋतु अठ्ठावीस दिवसांचा. तो पालटला कीं बहुतेक उभें पीक वाळून जातें. त्यांत द्राक्षाचा वेलही आहे, तो दहा दिवसांत फळतो! ना एप्रिलची खरड छाटणी, ना ऑक्टोबरची गोड छाटणी, ना डाऊनी, ना अवकाळी पाऊस. आमच्याकडील बागाईतदारांना हसूं यावें अशीच ही शेती. मग बागेंत राबणाऱ्या घरांतील मुलाला हा खेळ द्यावा काय? त्याला कामाचा आंखीव क्रम लावण्याची हौस असेल तर अवश्य द्यावा. कामापासून सुटका हवी असेल तर मुळींच नको.

ज्याला व्याकरणाची कोडीं आवडतात त्याच्यासाठीं फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांचा ‘बाबा इज यू’ (२०१९) आहे. त्यांत खेळाचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांनीं मांडलेले असतात. ‘भिंत अडविते’ या वाक्यांतील एक शब्द ढकलून दिला, कीं भिंत अडवीनाशी होते. इंग्रजीचे थोडे शब्द आले म्हणजे पुरे. ज्याला रामशेजचा चढ पाहूनच उत्साह येतो, त्यानें शिखर चढणाऱ्या मुलीचा ‘सेलेस्ट’ (२०१८) खेळून पाहावा. त्यांत पडणें पदोपदीं घडतें, पण पुनः आरंभही तत्काळ होतो. त्यास मात्र संगणक किंवा कन्सोल लागतो. वरील ‘स्टारड्यू व्हॅली’ व ‘बाबा इज यू’ मोबाईलवरही मिळतात.

गोष्टींतील माणसांचा ज्याला लळा लागतो, त्याला ल्यूकस पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) सुचवावा. एका काल्पनिक देशाच्या सीमेवर आपण कागदपत्रें तपासणारे कारकून असतों. पतीचे कागद बरोबर, पत्नीचा परवाना नाहीं. आतां काय करावें? चुका वाढल्या तर पगार कापला जातो आणि घरीं अन्न व ऊब कमी पडते. यांत इंग्रजी पुष्कळ वाचावें लागतें. शिवाय कांहीं प्रसंग लहानांस योग्य नाहींत, म्हणून घरच्या वडील मंडळींनीं तो आधीं पाहावा. मराठींत बोलणारा यांपैकीं एकही नाहीं. ‘राजी’च्या पुढील आवृत्तींत हिंदी संवाद आले आहेत.